गिअरबॉक्सच्या साईड कव्हरचा बोल्ट आत तुटला तेव्हा: सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय काय केलं

गाडी माझी सहा चाकी, अकरा वर्षं झालीत, चालवतो पण मीच आणि हाताला जमेल तेवढं कामही मीच करतो. सोलापुरातनं कधी मार्केट यार्डाचा कांदा, कधी चादरी-टॉवेलच्या गाठी, परतीला मिळेल ते भाडं. दोन वर्षांपासून गिअरबॉक्सखाली तेल यायचं, फार नाही, रात्रभर उभी केली की सकाळी फरशीवर रुपयाएवढा काळा डाग. ज्याला विचारलं तो म्हणायचा पॅकिंग गेलंय, आवळून बघ. मी आवळलं. दोनदा आवळलं, पान्याला पाईप लावून आवळलं, आणि ह्या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथंच आहे हे मला बोल्ट तुटल्यावर कळलं.

मे महिन्यात भाडी कमी होती म्हणून ठरवलं की गिअर ऑइल बदलायचं आणि साईड कव्हरचं पॅकिंग पण नवीन टाकायचं. साईड कव्हर म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला जी झाकणासारखी प्लेट असते ना, डंपरला किंवा टँकरला पंप जोडायचा असला की तिथनं जोडतात, आमच्यासारख्या साध्या गाडीला ते नुसतं बंद असतं. माझ्या गाडीची केसिंग अ‍ॅल्युमिनियमची, कव्हर १२ मिली जाडीचं, त्याला आठ बोल्ट, एम १० चे म्हणजे दहा मिली जाडीचे, १७ नंबरचा पाना लागतो. काम दिसायला अगदी सोपं, गिअरबॉक्स उतरवायचा नाही की क्लचला हात लावायचा नाही.

तयारी नीट केली होती हे आधी सांगतो. सपाट जागा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूनं ओट, हँडब्रेक, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. सोलापूरचा मे, दहा वाजल्यानंतर गाडीखाली झोपणं शक्य नाही, लोखंडाला हात लावला की चटका, म्हणून सकाळी साडेपाचला सुरुवात. गाडी आधी दहा-बारा किलोमीटर फिरवून आणली म्हणजे तेल गरम होऊन मोकळं पडतं. आणि एक गोष्ट मामांनी शिकवलेली, मामांनी तीस वर्षं ट्रक चालवला, ते म्हणायचे खालचा ड्रेन प्लग उघडायच्या आधी वरचा भरायचा प्लग उघडून बघ, नाहीतर तेल सगळं खाली आणि वरचा प्लग जाम, मग गाडी जागेवर बसली. वरचा उघडला, मग खालचा. प्लगच्या चुंबकाला राखाडी लगदा होता, बोटात चोळला तर गुळगुळीत, कणी नाही तुकडा नाही, म्हणजे आतले गिअर ठीक. इथपर्यंत मन एकदम हलकं होतं.

बोल्ट काढायला घेतले. पहिले सहा "कट्ट" आवाज करून सुटले. बोल्ट सुटतो तेव्हा आधी जोर लागतो, मग एकदम आवाज येतो आणि पाना हलका होतो, हे ज्यानं चार बोल्ट खोलले त्याला माहीतच आहे. सातवा थोडा रडत सुटला. आठवा, खालचा मागचा, जिथं मागच्या चाकाचा नाही तर पुढच्या चाकाचा सगळा चिखल येऊन बसतो तो, त्याला जोर दिला तर पाना सरकला पण आवाज नाही आला. सरकला तो सुद्धा कसा, रबर पिळल्यासारखा, मऊ. मला वाटलं सुटायलाय. अजून थोडा जोर दिला आणि हातात एकदम काहीच वजन उरलं नाही. आवाजसुद्धा झाला नाही. पान्यात बोल्टचं डोकं आणि पाऊण इंचाच्या आतला तुकडा, बाकीचा सगळा केसिंगमध्ये.

ह्या मऊपणाबद्दल थोडं जास्त लिहितो कारण सगळ्यात महत्त्वाचं मला तेच वाटतं. बोल्ट सुटत असेल तर जोर कमी कमी लागत जातो. बोल्ट पिळत असेल तर डोकं फिरतं, आटे जागेवरच असतात, आणि जोर तेवढाच लागत राहतो, आणि हात सोडला की पाना किंचित मागं येतो. तो मागं येणं म्हणजे बोल्ट सांगतोय की मी खाली अडकलोय. तिथं थांबायला पाहिजे होतं, तेल मारून उलट दिशेनं म्हणजे आवळायच्या दिशेनं थोडं हलवून बघायला पाहिजे होतं, पुढं-मागं, पुढं-मागं, असं अर्धा तास केलं असतं तर कदाचित निघाला असता. मी जोर वाढवला.

तुटल्यावर पहिली गोष्ट मी बरोबर केली ती म्हणजे काहीच केलं नाही. चहा घेतला, तुटकं डोकं पुसून उन्हात नेऊन बघितलं. तुटलेल्या तोंडावर दोन रंग होते. साधारण अर्ध्याला थोडा कमी भाग तपकिरी, गंजलेला, आणि बाकीचा चकचकीत, दाणेदार, साखरेच्या वडीचं तोंड दिसतं तसा. चकचकीत भाग आज तुटला. तपकिरी भाग आधीच चिरलेला होता, त्यात पाणी शिरून गंज बसला होता. म्हणजे हा बोल्ट कधीपासून अर्ध्यावर धरून होता, आणि त्याला अर्धा मीच करून ठेवला होता, पाईप लावून आवळताना.

हिशोब साधा आहे. १७ नंबरचा रिंग पाना साधारण वीस सेंटीमीटर. हातानं वीस किलोचा जोर दिला तर चाळीस न्यूटन मीटर (आवळायच्या पिळाचं माप) होतात. ८.८ ग्रेडच्या एम १० बोल्टला तेलकट नसताना साधारण ४५ ते ५० न्यूटन मीटर एवढंच द्यायचं असतं, अ‍ॅल्युमिनियममध्ये त्याहून कमी, आणि कंपनीच्या पुस्तकात जो आकडा असेल तोच खरा. पाईप लावून तोच पाना साठ सेंटीमीटरचा झाला की त्याच वीस किलोला १२० न्यूटन मीटर. ८.८ म्हणजे काय तर त्याची ताकद दर चौरस मिलीला ८०० न्यूटन, आणि त्याच्या ८० टक्क्यांवर म्हणजे ६४० वर तो कायमचा ताणायला लागतो. एम १० ला आट्यात ५८ चौरस मिली अंग असतं, म्हणजे पावणेचार टनाच्या आसपास ओढ बसली की बोल्ट लांब होतो आणि परत मूळच्या लांबीवर येत नाही. पाईपनं मी त्या रेषेच्या पार गेलो होतो.

आता आत राहिलेला तुकडा. सगळे लगेच विचारतात कसा काढायचा, पण त्याच्या आधी दोन प्रश्न असतात. कशामुळं तुटला, आणि भोक आरपार आहे का बंद.

कशामुळं तुटला हे ह्यासाठी, की आवळताना जास्त जोरानं तुटलेला नवा बोल्ट आत अडकलेला नसतो. डोकं गेलं की त्याच्यावरची ओढच संपते, मग तो आट्यात सैल बसलेला असतो, अणकुचीदार सळईनं कडेला टोचत टोचत उलटा फिरवला तरी बाहेर येतो, कित्येकदा बोटानं. पण खोलताना तुटलेला बोल्ट वेगळा. तो तुटला कारण खाली आट्यात जाम होता, आणि डोकं गेलं म्हणून जाम काही सुटत नाही. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र, वर ओल, की अ‍ॅल्युमिनियम खराब होतं आणि पांढरी पूड धरते, ती पूड मूळच्या धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आटे पकडून बसते. आमच्याकडची काळी माती तर एकदा चिकटली की पावसाळाभर ओल धरून ठेवते, आणि हा बोल्ट नेमका तिच्यात. त्यामुळं माझा तुकडा दुसऱ्या जातीचा आहे हे पहिल्या तासातच पक्कं झालं.

मग बाकीचे सात काढून कव्हर उतरवलं, आतलं तेल पुसलं, आरसा आणि बॅटरी घेऊन आतनं बघितलं. भोक आरपार. बोल्टचं टोक आत तीन मिली डोकावत होतं. तुकड्याची लांबी पण काढली, बोल्ट डोक्याखाली ३५ मिली, हातातल्या तुकड्याला १४ मिली होते, म्हणजे आत २१ राहिला, आणि तो केसिंगच्या तोंडापासून दोन मिली खोल. आरपार भोकाचा अर्थ असा की ड्रिलची बारीक कात्री (धातूचा कीस) सरळ गिअरमध्ये पडणार, आणि साधं ड्रिल उजवीकडं फिरतं त्यामुळं तुकडा सुटला तर तो अजून आत जाणार आणि गिअरवर पडणार. एकवीस मिलीचा पोलादी तुकडा दोन गिअरच्या दातात सापडला तर पुढं काय होतं ते सांगायची गरज नाही.

शेजारच्या गाडीवाल्यानं सांगितलं इझी आऊट (तुटक्या बोल्टमध्ये घालून तो उलटा फिरवून काढायची काडी) मार, दहा मिनिटाचं काम. चांगल्या मनानं सांगितलं, आणि पुष्कळ ठिकाणी ते चालतं पण. मी नाही मारला. ज्या बोल्टचं पूर्ण दहा मिलीचं अंग पिळून तुटलं पण खालचा भाग हलला नाही, तो त्याच्याच पोटात घातलेल्या पाच-सहा मिलीच्या कडक काडीनं कसा हलेल? वर ती काडी निमुळती, जेवढी आत जाते तेवढी तुकड्याला बाहेरच्या बाजूनं फुगवते, म्हणजे आट्यात अजून घट्ट. आणि इझी आऊट आत मोडला की त्याला साधं ड्रिल लागतच नाही, तो ड्रिलपेक्षा कडक असतो, मग स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणगीनं धातू झिजवणं) करणाऱ्याकडं न्यावं लागतं, म्हणजे पूर्ण गिअरबॉक्स खाली.

दोन रात्री नुसतं गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, आतनं आणि बाहेरनं दोन्हीकडनं, आरपार भोकाचा तेवढा एक फायदा. सकाळी हॉट एअर गननं केसिंग तापवायची, तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला की चुरचुरला पाहिजे एवढीच, मग गार होताना परत तेल. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, ८० डिग्रीच्या फरकात दहा मिलीच्या भोकाला बोल्टपेक्षा एका मिलीचा शंभरावा भाग जास्त मिळतो, ऐकायला काहीच नाही पण तेलाला आत शिरायला तेवढी वाट पुरते. गॅसची ज्योत अजिबात वापरू नका, जवळ तेल आहे, सील आहेत, आणि अ‍ॅल्युमिनियम वितळायच्या आधी लाल होत नाही त्यामुळं डोळ्याला काही कळत नाही. तेल मारल्यावर लगेच गन पण लावू नका, आधी पुसून घ्या.

तिसऱ्या दिवशी छोट्या छन्नीनं कडेला टेकवून उलट्या दिशेनं टोले दिले. हलला नाही. मग ड्रिल करायचं म्हणून मधोमध पंच मारला, आणि आडवं झोपून, मान वाकडी करून, घाम डोळ्यात जात असताना मारलेला पंच मधोमध कुठं पडतो, ठिपका चांगला एक मिली बाजूला. दहा मिलीच्या बोल्टला एक मिली सरकलेलं भोक म्हणजे मोठं ड्रिल केलं की एका बाजूचे अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेलेच. तिथं मी ड्रिल खाली ठेवलं आणि अण्णांकडं गेलो.

अण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथ चालवतात, पॉवरलूमचे पार्ट हे त्यांचं रोजचं काम, घरात तेलुगू, बाहेर मराठी. गाडीच्या कामाशी त्यांचा तसा संबंध नाही, पण जाम झालेलं लोखंड त्यांच्याएवढं कुणी बघितलं नसेल. ते संध्याकाळी आले, गाडीखाली पोतं टाकून झोपले, बोटानं ते भोक चाचपलं.

"पंच तू मारलास का बे?"

"हो अण्णा. बाजूला गेला."

"जाऊंदे, बोथट पंचानं दाबून सपाट कर त्याला. हातानं मध्य शोधायलास कशाला? कव्हर कुठंय?"

मी कव्हर दिलं. त्यांनी ते जागेवर धरलं आणि तुटक्या बोल्टच्या भोकातनं माझ्याकडं बघितलं. "हे भोक कुणी पाडलं? कंपनीनं. बरोबर मधी आहे का नाही? मग ह्याच्यातनंच ड्रिल घाल की."

मी म्हणलं कव्हरचं भोक ११ मिलीचं आहे, ड्रिल चार मिलीचं, ते त्यात लडबडणार. अण्णा उठले, व्हर्नियरनं भोक मोजलं आणि म्हणाले उद्या सकाळी ये.

सकाळी त्यांनी मला दोन बुश (भोकात बसणाऱ्या छोट्या नळ्या) दिले. पोलादाचे, बाहेरनं भोकात हातानं दाबून बसतील असे, आत पडू नये म्हणून वरती कॉलर, एकाला मधे चार मिलीचं भोक आणि दुसऱ्याला साडेसहाचं. लेथवर फिरवलेले असल्यामुळं भोक अगदी केंद्रात. कव्हर त्याच्या जागी दोन-तीन चांगल्या बोल्टांनी बसवायचं, बुश तुटक्याच्या भोकात घालायचा, आणि ड्रिल त्या बुशमधनं. ड्रिलला इकडं तिकडं जायला जागाच नाही. सगळ्या प्रकरणात मला सर्वात जास्त आवडलेली गोष्ट हीच, की ज्या कव्हरसाठी एवढा घोळ झाला तेच कव्हर मापाचं हत्यार झालं. हे कुठल्याही झाकणाला चालतं, वॉटर पंप असो, डिफरन्शियलचं कव्हर असो, फक्त झाकण जाड पाहिजे आणि बुश मापात पाहिजे.

वेल्डिंग का नाही, हे पण मी त्यांना विचारलं, कारण तुटक्यावर नट वेल्ड करून काढायची पद्धत चांगलीच आहे, वेल्ड अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, लोखंडालाच धरतं, आणि त्या उष्णतेनं जाम पण सुटतो. अण्णा म्हणाले तुकडा वर आलेला असता तर केलं असतं. दोन मिली खोल, उघडा गिअरबॉक्स, सगळीकडं तेल, वर वायरिंग, झोपून वेल्डिंग, नको. आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मी लिहून ठेवली. गाडीवर कुठंही वेल्डिंग केलं तर अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावायचा. लांब चासीला लावला तर करंट वाटेतल्या बेअरिंगमधनं जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पाडतो, मग महिन्या-दोन महिन्यांनी आवाज सुरू होतो आणि कारण कुणाला सापडत नाही.

ड्रिलिंगच्या आधी आतल्या बाजूला भोकाच्या मागं ग्रीस लावलेलं फडकं कोंबलं, एकच मोठं फडकं, आणि त्याचं शेपूट कव्हरच्या फटीतनं बाहेर ठेवलं म्हणजे आत विसरायचा प्रश्नच नाही. डोळ्याला गॉगल, झोपून ड्रिल करताना कात्री सरळ तोंडावर येते. ड्रिलवर २३ मिलीवर चिकटपट्टी, बुशची उंची धरून वेगळी. स्पीड कमी, जोर जास्त, दर दोन-तीन मिलीला बाहेर काढून ब्रशनं साफ करायचं आणि थेंबभर तेल. कात्री लांब कुरळी येत असली तर ड्रिल कापतंय, नुसती भुकटी आणि किर्र आवाज आला तर घासतंय, थांबायचं आणि धार लावायची. उलट्या दाताचं ड्रिल असतं तर अजून बरं, ते डावीकडं फिरतं त्यामुळं कापता कापताच तुकडा बाहेर येऊ शकतो, पण मला ते त्या दिवशी इथं मिळालं नाही, मागवायला चार दिवस लागत होते.

चार मिली आरपार झालं. बुश बदलला, साडेसहा. मग कव्हर उतरवून बघितलं आणि खरं सांगतो, तुकड्याच्या बरोबर मधोमध गोल भोक बघून डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. परत तापवलं, परत तेल, भोकात चौकोनी पोलाद हलकं ठोकून पान्यानं फिरवून बघितलं, जास्त जोर नाही, परत तोच मऊपणा हाताला लागला. ह्या वेळी थांबलो.

मग आठ मिली. एम १० ला अ‍ॅल्युमिनियमच्या आट्याचं आतलं माप ८.४ च्या आसपास असतं, त्यामुळं आठ मिलीचं ड्रिल मधोमध गेलं तर आट्याला धक्का लागत नाही, बोल्टची नुसती साल राहते, आट्यात गुंडाळलेली. एक मिली बाजूला गेलं असतं तर हीच पायरी केसिंग खाऊन गेली असती. सालीचं तोंड बारीक छन्नीनं आत दुमडलं, टोकदार पक्कडीत धरून गोल फिरवत ओढलं. सुरुवातीला बारीक बारीक तुकडे आले, मग साधारण तिसऱ्या आट्यापासून ती साल अख्खी स्प्रिंगसारखी उलगडत बाहेर यायला लागली, आणि तिच्या बाहेरच्या बाजूला चुन्यासारखी पांढरी पूड. ती पूड बोटात चोळून अण्णांना दाखवली, ते म्हणाले, "हेच धरून बसलं होतं बघ."

टॅप (आटे पाडायचं हत्यार) त्यांनीच मारला, एम १० दीड पिचचा, तीन टॅपच्या सेटमधला दुसरा आणि मग तिसरा, ग्रीस भरून म्हणजे मळ ग्रीसला चिकटतो. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. नवा बोल्ट हातानं घालून बघितला. तोंडाजवळचे दोन आटे कमजोर झाले होते, पुढचे सगळे चांगले, बोल्ट शेवटपर्यंत हातानं गेला आणि डुलला नाही. केसिंग तिथं वीस मिली जाड आहे, दोन आटे गेले तरी भरपूर पकड उरते म्हणून हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायचा तारेचा आटा) टाकायची गरज पडली नाही. आटे जास्त गेले असते तर टाकलाच असता, अ‍ॅल्युमिनियममध्ये तो मूळच्या आट्यापेक्षा मजबूत बसतो.

मला मोह झाला होता की पाच मिली लांब बोल्ट घालू, पकड जास्त मिळेल. आरशानं परत बघितलं तर ३५ चा बोल्ट आत तीन मिली डोकावतो, ४० चा आठ मिली डोकावला असता, आणि गिअरचे दात तिथनं सातच मिलीवर फिरतात. बदलताना बोल्टची लांबी नेहमी जुन्या बोल्टशी मोजूनच घ्या, दुकानदार हातात देईल तो नको.

आता उरलेले सात जुने बोल्ट. दिसायला सगळे ठणठणीत. अण्णांनी एक नवीन बोल्ट घेतला आणि जुन्याला चिकटवून धरला, आट्यात आटा बसवून, आणि दोन्ही उजेडाकडं केले. चांगल्या बोल्टचे आटे एकमेकांत गच्च बसतात, मधनं उजेड येत नाही. चौथ्या बोल्टला सुरुवातीचे आटे बसले आणि पुढं पुढं सरकत गेले, शेवटी आट्यावर आटा चढला आणि फटीतनं उजेड दिसला. बोल्ट लांब झालाय. सातांपैकी तीन तसे निघाले. ते परत लावून आवळले असते तर त्यातला एखादा तिथंच तुटला असता. आठच्या आठ नवीन आणले, ८.८ चा शिक्का डोक्यावर बघून.

कव्हर पण तपासलं. खिडकीच्या काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून त्याच्यावर कव्हर घासलं तर फक्त भोकांच्या आजूबाजूला चमक आली, मधली जागा काळीच. म्हणजे आवळून आवळून भोकांपाशी कव्हर फुगलेलं, आणि दोन बोल्टांच्या मधे पॅकिंग नीट दाबलंच जात नव्हतं. जेवढं जास्त आवळलं तेवढी गळती वाढायची, कारण हेच. सगळीकडं सारखी चमक येईपर्यंत घासलं, पाऊण तास गेला.

आणि गळतीचं दुसरं कारण तर पॅकिंगचं नव्हतंच. आठातली खालची तीन भोकं आरपार आहेत, तेलाच्या पातळीच्या खाली. तेल आट्यातनं वर चढून बोल्टच्या डोक्याखालनं बाहेर येत होतं, पॅकिंग कितीही नवीन टाका त्याला काही फरक पडला नसता. आरपार बोल्टच्या आट्याला सिलिकॉन किंवा थ्रेड सीलर लावायचा असतो. दोन वर्षं मी पॅकिंगला दोष देत आवळत राहिलो. बाहेरनं बघितलं तर तेल सगळ्या कव्हरवर पसरलेलं दिसतं त्यामुळं कळत नाही, आधी पुसून धुवून, कोरडं करून, वर खडूची पूड मारायला पाहिजे होती, पहिली ओल कुठं उमटते ते दिसलं असतं.

बसवणं तसं सरळ झालं. आतलं फडकं काढलं, चुंबक फिरवून कात्री उचलली, पण साल काढताना अ‍ॅल्युमिनियमचा पण चुरा पडतो आणि त्याला चुंबक चालत नाही म्हणून थोडं स्वस्त तेल ओतून खालनं काढलं, दोनदा, फडक्यातनं गाळून चमक संपेपर्यंत. नवीन पॅकिंग, तिन्ही आरपार बोल्टांना सीलर, आधी सगळे हातानं, मग समोरासमोर दोन टप्प्यात टॉर्क पान्यानं (किती जोर लागला ते दाखवणारा पाना), पाना ओळखीच्या गॅरेजमधनं एका दिवसासाठी आणला. टॉर्क पाना लावताना पहिल्यांदा कळलं की बरोबर आवळलेला बोल्ट किती कमी आवळलेला असतो, हात सारखा म्हणत होता अजून एक झटका दे. तेल ८०डब्ल्यू-९०, जीएल-४, पुस्तकात तेच आहे. जीएल-५ जास्त भारी म्हणून टाकू नका, जुन्या पद्धतीच्या सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या) पितळी रिंगांना त्यातलं केमिकल चालेलच असं नाही. वरच्या प्लगमधनं तेल ओघळायला लागेपर्यंत भरलं, दहा मिनिटं थांबून परत थोडं.

खर्च विचाराल तर ड्रिल, टॅप, बोल्ट, पॅकिंग मिळून हजाराच्या आत, तेल वेगळं. बुशचे अण्णा पैसे घेत नव्हते, जबरदस्तीनं तीनशे दिले, आणि आईनं शेंगा चटणीचा डबा दिला तो मात्र त्यांनी लगेच घेतला. गाडी पाच दिवस उभी. हेच जर बंद भोक असतं, किंवा बोल्ट क्लच हाऊसिंगच्या वरचा असता जिथं हात पोचत नाही, तर मी स्वतः केलं नसतं, गिअरबॉक्स उतरवणाऱ्याकडंच दिलं असतं.

पहिल्या दिवशी कव्हर धुवून कोरडं करून खडूची पूड मारली आणि रिकामी गाडी मोहोळपर्यंत नेऊन आणली. पूड कोरडी. दोन दिवसांनी कांद्याचं पुण्याचं भाडं होतं, टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हा बॅटरी घेऊन खाली गेलो, भरलेल्या गाडीचं गरम गिअरबॉक्स, खालचा मागचा बोल्ट, आजूबाजूला पांढरी पूड जशी मारली तशी. पुण्याहून परत आल्यावर आठही बोल्टांच्या डोक्यावर आणि कव्हरवर रंगाची एक एक रेघ ओढून ठेवली, बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. पावसाळा संपल्यावर चिखल धुवून बघितलं, आठही रेघा जुळलेल्या होत्या आणि फरशीवरचा जुना डाग आता फिका झालाय.